गाऱ्हाणे घेऊन येणारी भुते : कोरियन चित्रपट संग्रहालयाच्या मोफत वाहिनीचे परीक्षण

सोल शहराच्या पश्चिमेला, मापो विभागातील सांगाम-दोंग येथे कोरियन चित्रपट संग्रहालय आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती जपते, खराब झालेल्या प्रती दुरुस्त करते, आणि २०१२ पासून त्यांतील निवडक चित्रपट यूट्यूबवरील आपल्या ‘कोरियन क्लासिक फिल्म’ या वाहिनीवर पूर्ण लांबीचे, विनाशुल्क व इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवते. तेथे आता दोनशेहून अधिक चित्रपट आहेत. त्यांत कौटुंबिक नाट्ये आहेत, युद्धपट आहेत, विनोदी चित्रपटही आहेत. पण हे परीक्षण त्यातल्या एकाच कप्प्यापुरते मर्यादित आहे. गेल्या पावसाळ्यात मी या वाहिनीवरचे १९६० ते १९८१ या काळातले भयपट सालवारीने पाहिले, त्यांपैकी काही दोनदा पाहिले, आणि वाहिनी वापरायला कशी आहे याइतकेच ती काय समजावून देते हेही मला येथे लिहायचे आहे.

या कप्प्यापर्यंत मी उलट्या वाटेने आले. किम जी-उन यांचा दोन बहिणींवरचा भयपट २००३ मध्ये आला आणि भारतातही अनेकांनी तो पाहिला. त्याचे कोरियन नाव ‘जांगह्वा, होंगर्योन’ असे आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. जांगह्वा म्हणजे गुलाब आणि होंगर्योन म्हणजे तांबडे कमळ. कोरियातल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असलेल्या एका लोककथेतल्या बहिणींची ही नावे आहेत. त्या कथेत सावत्र आई मोठ्या मुलीच्या अंथरुणात सोललेला उंदीर ठेवते, लग्नाआधीच हिचा गर्भपात झाला असा बोभाटा करते, आणि मुलीला तळ्यात बुडवून मारवते. धाकटी बहीण तिच्यामागोमाग त्याच तळ्यात जीव देते. मग दोघी रात्री त्या भागाच्या न्यायाधिकाऱ्यासमोर उभ्या राहतात. तो त्यांना पाहून भीतीनेच मरतो; त्याच्या जागी आलेल्याचीही तीच गत होते. शेवटी एक धीट अधिकारी येतो, जागेवरून हलत नाही, त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतो, चौकशी करतो आणि गुन्हेगारांना शिक्षा देतो. त्यानंतर बहिणी पुन्हा दिसत नाहीत.

या गोष्टीतल्या मुली कोणाचा जीव घ्यायला आलेल्या नसतात. त्या गाऱ्हाणे घेऊन येतात, आणि माणसे मरतात ती ऐकून घेण्याची छाती नसल्यामुळे मरतात. अन्यायाने मेलेल्या अशा जिवाला कोरियन भाषेत ‘वोनग्वी’ म्हणतात. जपानी सत्तेपूर्वी कोरियावर शतकानुशतके राज्य करणाऱ्या जोसन राजवटीच्या कन्फ्यूशियन समाजात पूर्वजांचे वार्षिक विधी, म्हणजे ‘जेसा’, पुरुष वंशजांनी करायचे असत. त्यामुळे लग्नाआधी मेलेल्या मुलीसाठी ते करणारे कोणीच उरत नसे. जिवंतपणी तिला घरात शब्द नव्हता आणि मेल्यावर विधींमध्ये जागा नव्हती. कोरियन भुतांत तरुण स्त्रिया इतक्या मोठ्या संख्येने का असतात, याचे उत्तर मला येथे सापडते. या भुतांच्या अंगावरची पांढरी वस्त्रे, ‘सोबोक’, म्हणजे सुतकाचा पोशाख आहे. नीट वेणी किंवा अंबाडा घालण्याच्या समाजात मोकळे सोडलेले केस ही मोडलेल्या मर्यादेची खूण आहे. आपल्या हडळीचे केसही मोकळेच असतात, त्यामुळे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ही कथा १९२४ मध्ये मूकपटाच्या रूपात प्रथम पडद्यावर आली आणि पुढे १९३६, १९५६, १९६२ व १९७२ मध्ये तिची नवी रूपे निघाली. ती मनात ठेवून साठीच्या दशकातले भयपट पाहिले की एक बदल लगेच डोळ्यांत भरतो. भूत तेच आहे, गाऱ्हाणेही तेच आहे, पण ऐकून घेणारा अधिकारी मात्र नाहीसा झाला आहे. तीन-साडेतीन दशकांची जपानी राजवट, मग फाळणी, मग १९५० ते १९५३ चे युद्ध, मग हुकूमशाही: ज्याच्यापुढे उभे राहून न्याय मागावा असा माणूसच या चित्रपटांत उरलेला नाही. म्हणून न्याय घरातच, जिन्यावर, स्वयंपाकघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत मागितला जातो. हे कोणत्याही एका चित्रपटातून कळत नाही. ते सगळे ओळीने पाहता येतात तेव्हाच कळते, आणि या वाहिनीचे खरे मोल मला त्यातच वाटते.

सुरुवात अर्थात किम की-यंग यांच्या १९६० च्या ‘हान्यो’पासून होते. शब्दाचा अर्थ मोलकरीण. यात भूत नाही, तरीही कोरियन भयपटांचा विचार या चित्रपटाला वगळून करता येत नाही. एका कापडगिरणीत काम करणाऱ्या मुलींना संगीत शिकवणारा शिक्षक, शिवणयंत्रावर दिवसरात्र काम करून नव्या दुमजली घराचे पैसे उभे करणारी त्याची बायको, कुबड्या घेऊन चालणारी मुलगी, खोडकर मुलगा आणि घरात आलेली नवी मोलकरीण, एवढी पात्रे या कथेला पुरतात. दारात आल्या आल्या ती मुलगी उंदीर हाताने पकडते. उंदराचे औषध फडताळात ठेवलेले आपल्याला दाखवले जाते, आणि त्यानंतर घरात कोणी पाण्याचा पेला उचलला तरी आपला हात खुर्चीवर घट्ट होतो. मालक आणि मोलकरीण यांच्यात जे घडते ते घडते. पण त्यानंतर बायको जे करते ते मला अधिक भयंकर वाटले. घर वाचले पाहिजे, शेजारी कळता कामा नये, नवऱ्याची नोकरी टिकली पाहिजे, या हिशोबाने ती शांतपणे मोलकरणीची समजूत घालते आणि तिला जिन्यावरून पडून गर्भ पाडायला लावते. त्या क्षणानंतर मोलकरीण जे काही करते ते सूड आहे, हे पाहणाऱ्याला नाकारता येत नाही. या घरात खलनायक कोण, असे विचारले तर मी त्या दुमजली घराकडे बोट दाखवीन.

चित्रपट ज्या क्षणी आला तोही ध्यानात घ्यावा लागतो. एप्रिल १९६० मधल्या विद्यार्थ्यांच्या उठावाने राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांची सत्ता गेली; मे १९६१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. मधल्या थोड्या मोकळ्या महिन्यांत, नोव्हेंबर १९६० मध्ये, हा चित्रपट प्रदर्शित झाला. युद्धातून सावरणाऱ्या सोलमध्ये खेड्यांतल्या मुली गिरण्यांत आणि घरकामाला येत होत्या. घरकामाच्या बाईला तेव्हा ‘सिंग्मो’ म्हणत, शब्दशः अन्न देणारी आई. मध्यमवर्गाला आपली नवी प्रतिष्ठा याच मुलींच्या हातून घासूनपुसून ठेवायची होती आणि त्याच मुलींची त्याला भीतीही वाटत होती. किम की-यंग यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले होते, आणि माणसांकडे पाहण्याची त्यांची नजर तशीच आहे: कीव नाही, किळसही नाही, फक्त काय होते आहे ते जवळून पाहणे. त्यांच्या पत्नी दंतवैद्य होत्या आणि नवऱ्याच्या चित्रपटांना त्यांच्या कमाईचा आधार होता. पडद्यावरच्या त्या शिवणयंत्राकडे पाहताना हे मला सतत आठवत राहिले.

वाहिनीवरची ‘हान्यो’ची प्रत हा संग्रहालयाच्या कामाचा सर्वांत चांगला नमुना आहे. मूळ निगेटिव्हमधली दोन रिळे हरवली होती. १९९० मध्ये एक प्रदर्शनाची प्रत सापडली, पण तिच्यावर हाताने लिहिलेली मोठमोठी इंग्रजी उपशीर्षके कोरलेली होती. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या पुढाकाराने जागतिक चित्रपटांच्या जतनासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या मदतीने संग्रहालयाने ती अक्षरे संगणकावर पुसून काढली आणि २००८ मध्ये दुरुस्त प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. चित्रपट पाहताना मध्येच चित्र काहीसे मऊ आणि धूसर होते, तो भाग त्या सापडलेल्या प्रतीतून घेतलेला आहे. मला तो डाग वाटला नाही. वाचलेल्या वस्तूवर ती कशी वाचली याची खूण असावी, हे मला योग्यच वाटते.

किम की-यंग यांना हे पाहता आले नाही. अनेक वर्षे विस्मरणात गेल्यावर १९९७ च्या बुसान चित्रपट महोत्सवात त्यांच्या चित्रपटांचा खास विभाग झाला, तरुण प्रेक्षकांनी त्यांना नव्याने शोधले, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बर्लिनच्या महोत्सवाला जाण्याआधी, घराला लागलेल्या आगीत ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही गेले. त्यांचा वारसा मात्र नंतर फार मोठा झाला. त्यांच्याच १९७१ च्या ‘ह्वान्यो’ या चित्रपटातून, जो ‘हान्यो’चाच नवा अवतार होता, यून यो-जोंग यांनी पडद्यावर पदार्पण केले, २०२१ मध्ये ऑस्कर स्वीकारताना त्यांनी आपल्या पहिल्या दिग्दर्शकाचे आभार मानले. ‘पॅरासाइट’चे दिग्दर्शक बोंग जून-हो यांनीही ‘हान्यो’चे ऋण उघडपणे मान्य केले आहे. वर-खाली जाणारा जिना, वरचे कोण आणि खालचे कोण हा प्रश्न, आणि नोकर म्हणून घरात शिरणारे संकट हे सगळे ज्यांना २०१९ मध्ये नवे वाटले, त्यांनी १९६० चा हा जिना एकदा पाहावा.

ली मान-ही यांच्या १९६४ च्या चित्रपटाचे तर नावच ‘माए ग्येदान’, म्हणजे सैतानी जिना, असे आहे. एक शल्यविशारद, त्याच्या प्रेमात असलेली परिचारिका, रुग्णालयाच्या मालकाची मुलगी आणि आवारातले तळे. प्रतिष्ठेसाठी एका बाईला वाटेतून दूर केले जाते आणि मग ती खरोखर मेली की नाही या शंकेवर सगळा चित्रपट उभा राहतो. त्यावर युरोपीय रहस्यपटांची छाया स्पष्ट आहे. छायाप्रकाश अप्रतिम असले तरी कथेचा उलगडा मला जरा यांत्रिक वाटला. पण ली मान-ही यांची कोरड्या वास्तवाची जाण पाहण्यासारखी आहे. एका युद्धपटात उत्तर कोरियाच्या सैनिकांना माणसासारखे दाखवले म्हणून १९६५ मध्ये त्यांना साम्यवादविरोधी कायद्याखाली अटक झाली होती. भयपटात ज्या गोष्टी बोलता येत होत्या त्या इतरत्र बोलणे किती महाग पडत होते, याची त्यावरून कल्पना यावी.

ज्या चित्रपटावर मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते तो ली योंग-मिन यांचा १९६५ चा ‘सालिनमा’, म्हणजे खुनी सैतान. एक गृहस्थ चित्रप्रदर्शनाला जातो. तिथे एकही माणूस नाही आणि भिंतीवर एकच चित्र, त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोचे. तिचे नाव ए-जा. तिला कोणी आणि का मारले हे हळूहळू उघड होते: सासूचे डॉक्टराशी असलेले संबंध तिने पाहिले होते, आणि घरातली दुसरी एक बाई तिच्या जागेवर डोळा ठेवून होती. मरताना ए-जाच्या जवळ तिचे मांजर असते. पुढे सूड घेते ते हे मांजर, सासूच्या देहात शिरून. आजी झोपलेल्या नातवंडांची तोंडे मांजरीसारखी चाटते आहे, हे दृश्य मी पाहिले तेव्हा माझी आई शेजारी बसली होती. तिला इंग्रजी उपशीर्षके वाचायची सवय नाही आणि मी मधूनमधून सांगत होते, पण सासू पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हाच ती म्हणाली, “हिनेच मारलंय सुनेला.” तिला कोरियन येत नाही, पण ते घर, ती बसण्याची पद्धत, सुनेने मान खाली घालणे आणि सासूने मान न वळवता बोलणे हे सारे तिला परिचित होते.

‘सालिनमा’तले मांजर मूळचे कोरियन नाही. मालकिणीच्या रक्ताला तोंड लावून तिचा सूड घेणारे मांजर ही जपानी भूतकथांतली आणि जपानी भयपटांतली जुनी आकृती आहे. दक्षिण कोरियात जपानी चित्रपटांच्या प्रदर्शनावर १९९८ पर्यंत बंदी होती, पण साठीतले दिग्दर्शक वसाहतकाळात वाढलेले होते आणि त्यांच्या स्मरणात ते सारे होते. बंदी असलेल्या देशाचे मांजर कोरियन सासूच्या अंगात शिरते, हा या काळाच्या सांस्कृतिक देवघेवीचा मला सर्वांत बोलका नमुना वाटतो. त्यातच बौद्ध मंत्रशक्तीवरची श्रद्धा मिसळते, पाश्चात्य भयपटांतली रसायने आणि वितळणारे चेहरेही मिसळतात. चित्रपट विस्कळीत आहे आणि काही युक्त्या आज कच्च्या दिसतात. तरीही त्यातली भीती खरी आहे, कारण तिचा उगम घरातल्या उतरंडीत आहे.

क्वोन चोल-ह्वी यांचा १९६७ चा ‘वोल्हाए गोंगदोंग-म्योजी’ या वाहिनीवर आवर्जून पाहावा. याच्या प्रचलित इंग्रजी नावावरून ‘वोल्हा’ हे एखाद्या गावाचे नाव असावे असे वाटते. प्रत्यक्षात ‘वोल्हा’ म्हणजे चंद्राखाली, आणि शीर्षकाचा अर्थ ‘चांदण्यातले कबरस्तान’ असा होतो. सुरुवातीला भयंकर रंगरंगोटी केलेला एक कथेकरी पडद्यावर येतो आणि प्रेक्षकांशी बोलू लागतो. हा ‘ब्योनसा’. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून सगळ्या पात्रांचे संवाद म्हणणारा, गोष्ट रंगवून सांगणारा हा कलावंत नटांपेक्षाही लोकप्रिय असे. बोलपट आल्यावर त्याचे काम संपले. १९६७ च्या चित्रपटात तोच भुतासारखा परत येतो, यात मला दिग्दर्शकाची मोठी कल्पकता दिसते. पुढची कथा वसाहतकाळातली आहे. भाऊ आणि प्रियकर जपानी राजवटीविरुद्धच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, आणि त्यांच्यासाठी ‘गिसेंग’ म्हणजे गाण्याबजावण्याचा व्यवसाय करणारी झालेली एक शिकलेली मुलगी. लग्न होते, मूल होते, घरात पैसा येतो. मग घरातली स्वयंपाकीण तिला औषधातून विष देते, तिच्यावर बदचालीचा आळ घेते, आणि ती जीव देते. तिची कबर दुभंगते ती मागे राहिलेल्या तान्ह्या मुलाच्या ओढीने. स्वयंपाकिणीचे काम दो गुम-बोंग यांनी केले आहे, आणि ‘सालिनमा’तली निष्पाप ए-जादेखील त्याच आहेत. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर एकच चेहरा एकदा बळी म्हणून आणि एकदा मारेकरी म्हणून समोर येतो. हा अनुभव केवळ अशा संग्रहातच मिळू शकतो.

या चित्रपटातले भूत सौम्य आहे, आणि माझ्या मते म्हणूनच ते मनात राहते. ज्या देशासाठी तिच्या घरच्यांनी तुरुंग पत्करला त्या देशात तिची बाजू ऐकणारे कोणी नाही. तिचा नवराही आळ खरा मानतो.

शिन सांग-ओक यांचा १९६९ चा ‘चोन्न्योनहो’, म्हणजे हजार वर्षांची कोल्हीण, याबद्दल थोडक्यातच लिहिते. कोरियातल्या प्राचीन सिला राज्याची जिनसोंग राणी एका सेनापतीवर भाळते, त्याच्या पत्नीला हाकलून देते, आणि ती तळ्यात पडल्यावर तिच्यात कोल्हिणीचा आत्मा शिरतो. नऊ शेपट्यांच्या ‘गुमिहो’ या कोल्हिणीची कल्पना चीन, जपान आणि कोरिया या तिन्ही देशांत आहे. रंग डोळ्यांचे पारणे फेडणारे आहेत, पण भय कमी आणि दरबारी नाट्य जास्त. शिन सांग-ओक आणि त्यांची पूर्वीची पत्नी, अभिनेत्री चोई उन-ही, यांना १९७८ मध्ये उत्तर कोरियाने पळवून नेले आणि १९८६ मध्ये व्हिएन्नात ते निसटले. ज्यांना केवळ ही हकिकत ठाऊक आहे त्यांनी त्यांचे दिग्दर्शनही पाहावे, एवढ्यासाठी मी या चित्रपटाची शिफारस करीन.

सत्तरीत चित्र बदलते. लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत १९७० पासून ‘सेमाउल’ ही ग्रामसुधारणेची चळवळ सुरू झाली, आणि तिच्याबरोबर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या नावाखाली ‘मुदांग’ स्त्रियांवर, म्हणजे अंगात येणाऱ्या व ‘गुत’ नावाचा विधी करणाऱ्या पुजारिणींवर, दबाव आला. गावदेवतांची स्थाने मोडली गेली. नेमक्या याच काळात भयपटांत मुदांग मध्यभागी येते. किम की-यंग यांचा १९७७ चा ‘इओदो’ जेजू बेटाजवळ घडतो. बुडालेले कोळी जिथे जातात अशा इओदो या काल्पनिक बेटाचे नाव एका हॉटेलला दिले जाते, त्यावरून एक पत्रकार बेपत्ता होतो, आणि शोधणारा माणूस केवळ स्त्रियांच्या गावात येऊन पोचतो. त्या समुद्रात बुड्या मारून पोट भरणाऱ्या स्त्रिया आहेत. प्रदूषणाने मरणारा समुद्र आणि न होणारी मुले, हे दोन्ही प्रश्न चित्रपट एकत्र विणतो. शेवटी मुदांग बुडालेल्या माणसाला समुद्रातून परत बोलावते. तो विधी आणि त्यानंतरचे दृश्य यांचे वर्णन मी करणार नाही. ते अतिशय अस्वस्थ करणारे आहे आणि लहान मुलांसमोर पाहण्याजोगे नाही. पण ज्या राजवटीने मुदांगला खोटी ठरवले, त्याच राजवटीच्या काळात पडद्यावर फक्त तिचेच खरे ठरते, हे पाहून मी बराच वेळ गप्प बसून होते.

को योंग-नाम यांचा १९८१ चा ‘गिप्पन बाम गाप्चागी’, म्हणजे ‘मध्यरात्री अचानक’, या सगळ्याचे धागे एका घरात गोळा करतो. फुलपाखरांचा अभ्यास करणारा प्राध्यापक, त्याची सुखवस्तू पत्नी, आणि त्याने गावाकडून आणलेली कामवाली मुलगी मी-ओक. ती एका मृत मुदांगची मुलगी आहे आणि तिच्याजवळ आईची लाकडी बाहुली आहे. म्हणजे ‘हान्यो’तली मोलकरीण आणि ‘इओदो’तली मुदांग एकाच मुलीत एकत्र आल्या आहेत. पत्नीचे काम किम यंग-ए यांनी केले आहे, आणि तिला वाटणारा संशय खरा की आजार, हे चित्रपट शेवटपर्यंत हातातून सोडत नाही. रंगीत भिंगांतून तुकडे तुकडे झालेले तिचे डोळे आणि त्या बाहुलीचा चेहरा यांमुळे हा मला या संग्रहातला सर्वांत भीतिदायक चित्रपट वाटतो. २००३ मध्ये किम जी-उन भूत मनाच्या आत नेतात तेव्हा त्यांच्या आधी ही वाट कोणी तरी चालून गेले होते, हे येथे दिसते.

आता सेवेविषयी. चित्रांचा दर्जा सारखा नाही. ‘हान्यो’सारखे दुरुस्त केलेले चित्रपट मोठ्या पडद्यावरही उत्तम दिसतात, काही प्रतींवर ओरखडे, उडालेले रंग आणि मध्येच सुटलेल्या चौकटी आहेत, कारण तेवढ्याच प्रती उरल्या आहेत. आवाजाची एक गोष्ट आधी माहीत असावी. त्या काळी कोरियात संवाद चित्रीकरणानंतर डबिंग करून भरत आणि अनेकदा नटाचा आवाज दुसऱ्याच कलावंताचा असे. त्यामुळे सुरुवातीला संवाद ओठांपासून सुटलेले वाटतात, पावलांचे आवाज गायब असतात, आणि मग एखादे दार करकरते ते फारच मोठ्याने. कान सरावला की हे भयाला पोषकच ठरते. ऐकताना हेडफोन वापरावेत.

इंग्रजी उपशीर्षके पडद्यावर छापलेली नसून चालू-बंद करण्याजोगी आहेत, त्यामुळे आधी ती चालू करावी लागतात. मराठी उपशीर्षके नाहीत. यूट्यूबचे यांत्रिक भाषांतर वापरून पाहण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. कोरियन भाषेत वहिनी, थोरली जाऊ, मालकीणबाई, धाकटा दीर या प्रत्येकासाठी वेगळे संबोधन आहे, आणि आदराच्या पातळीनुसार क्रियापदांची रूपे बदलतात. आदराची पातळी कुठे घसरली यावरून भांडण केव्हा सुरू झाले ते कळते. इंग्रजीत आल्यावर हे सारे ‘यू’ या एका शब्दात बुडते आणि त्यातून पुन्हा मराठीत आणले की उरलेसुरलेही जाते. हा कोणा एकाचा दोष नाही, दोन भाषांमधल्या अंतराचा आहे. मी एक उपाय केला: ज्या प्रसंगात मोलकरीण मालकिणीशी बोलते तो दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा केवळ आवाज ऐकत. ‘हान्यो’तल्या मोलकरणीचा सूर कधी बदलतो ते कोरियन न येताही स्पष्ट ऐकू आले.

चित्रपटांची नावे कोरियन व इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत दिलेली असल्याने शोधणे सोपे आहे. दिग्दर्शकाच्या नावाबरोबर साल टाकले की बहुधा हवा तो चित्रपट मिळतो. काही चित्रपटांना वयाची अट आहे आणि ते पाहण्यासाठी आपल्या खात्यातून प्रवेश करावा लागतो. ‘सोबोक’ म्हणजे काय, गिसेंग कोण, जेसा कशासाठी, हे समजावणारे टिपण चित्रपटासोबत मिळाले असते तर परदेशी प्रेक्षकाला फार मदत झाली असती असे वाटते. पण पैसे न घेता, सभासदत्व न मागता एक देश आपला चित्रठेवा जगापुढे उघडा ठेवतो, ही गोष्ट मला मनापासून आदराची वाटते. आपल्याकडेही पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मराठीतले जुने चित्रपट असेच घरबसल्या, चांगल्या प्रतीत, उपशीर्षकांसह कोरियातल्या कोणा प्रेक्षकाला पाहता यावेत, ही इच्छा या चार महिन्यांत माझ्या मनात अनेकदा आली.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘हान्यो’पासून करू नये असे मी सुचवीन, जरी सगळे मार्गदर्शक तेच सांगत असले तरी. आधी ‘चांदण्यातले कबरस्तान’ पाहावा, कारण त्यात गोष्ट सरळ आहे आणि कथेकरी स्वतः हाताला धरून आत नेतो. मग ‘सालिनमा’, शक्य असल्यास घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईसोबत. त्यानंतर ‘हान्यो’, आणि लगेच दुसऱ्या रात्री ‘मध्यरात्री अचानक’, म्हणजे एकवीस वर्षांच्या अंतराने त्याच मोलकरणीसाठी उघडलेली दोन दारे जवळजवळ दिसतील. ‘इओदो’ शेवटी ठेवावा आणि एकट्याने पाहावा. १९२४ चा ‘जांगह्वा, होंगर्योन’ मात्र येथे शोधू नये. त्या मूकपटाची एकही प्रत उरलेली नाही.